साध्या इमारतीस सत्वर परवाना

श्रोतेहो, शाळेंतून निवृत्त झाल्यावरहि मास्तराची एक सवय सुटत नाहीं. जुना विद्यार्थी घरीं आला कीं त्याच्या चेहऱ्याआधीं त्याच्या हातांतील कागदांकडे लक्ष जातें. दोन वर्षांपूर्वीं असाच एक विद्यार्थी माझ्याकडे आला. वह्या, पुस्तकें व लेखनसाहित्य यांचा त्याचा ठोक व्यापार आहे. गांवाच्या कडेला त्यानें साडेतीनशे चौरस मीटरांचा एक भूखंड घेतला होता व त्यावर माल ठेवण्यासाठीं दुमजली गोदाम बांधण्याचा त्याचा विचार होता. हातांत जाडजूड फाईल होती आणि स्वरांत तक्रार.

तो म्हणाला, "सर, तुमच्या वर्गांत गणिताचे पेपर दोन दिवसांत परत मिळत आणि निबंधाच्या वह्यांना पंधरवडा लागे. येथें मात्र माझ्या गोदामाची बेरीज आणि पलीकडच्या वीस मजली इमारतीचा निबंध एकाच गठ्ठ्यांत पडले आहेत. माझा नंबर यायचा केव्हां?"

त्याचा दृष्टान्त मला पटला. पण मास्तराच्या स्वभावाप्रमाणें मीं त्याला उलट प्रश्न केला, "परवाना मागतात कशासाठीं, हें तुला ठाऊक आहे काय?" त्या प्रश्नावरून आमचें जें बोलणें झालें, तेंच आज आपणांपुढें थोडें व्यवस्थित मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशानें बांधावयाचें, मग दुसऱ्याची परवानगी कां घ्यावी, अशी शंका पुष्कळांना येते. परंतु इमारत ही एकट्या मालकाची बाब राहत नाहीं. तिच्या भिंतीमुळें शेजाऱ्याचा उजेड अडतो, तिचें सांडपाणी सार्वजनिक गटारांत येतें, आणि तिला आग लागली तर ती कुंपण ओळखीत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां दाट वस्तीच्या, हवाउजेड नसलेल्या चाळींचा प्रश्न सर्वांच्या डोळ्यांपुढें उभा राहिला, आणि १८९८ मध्यें त्या शहरासाठीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. इमारतीवरील निर्बंध हे असे अनुभवांतून आलेले आहेत.

परवाना देणारा अधिकारी मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. जमीन अर्जदाराचीच आहे काय, ही पहिली. नगररचनेच्या आराखड्याप्रमाणें त्या जागीं अशा वापराची व एवढ्या आकाराची इमारत चालते काय, ही दुसरी. आणि ती नीट उभी राहील काय व संकटाच्या वेळीं आंतील माणसांना बाहेर पडतां येईल काय, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक कागदावर व मोजपट्टीवर ठरतात. तिसरीला मात्र विचार लागतो. हा भेद लक्षांत ठेवावा, कारण पुढील सारें विवेचन त्यावरच उभें आहे.

कायद्यांत काळाची मर्यादा मुळींच नाहीं असें नव्हे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमांत एक मौजेची तरतूद आहे. बांधणाऱ्यानें आपल्या बेताची सूचना द्यावी, आणि आयुक्तांनीं तीस दिवसांत नापसंती कळविली नाहीं तर त्यानें कामास लागावें, अशी तिची मूळ योजना. म्हणूनच मुंबईंत इमारतीच्या कामीं मिळणाऱ्या एका महत्त्वाच्या कागदाचें नांव 'नापसंतीची सूचना' असें पडलें. ज्या अटी पुऱ्या केल्यावर नापसंती उरणार नाहीं, त्या अटींची ती यादी असते. नवख्या माणसाला मात्र नापसंतीचा कागद हातीं आल्यावर लोक पेढे कां वाटतात याचें नवल वाटतें! पुढें १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानें साठ दिवसांची मुदत घातली. त्या मुदतींत अर्जावरील निर्णय कळविला नाहीं, तर परवानगी मिळाली असें मानावें, मात्र बांधकाम नियमांस धरून असलें पाहिजे, असें तो अधिनियम सांगतो.

मग उशीर होतो तो कोठें? पहिलें कारण असें कीं, एका खात्याचा ना-हरकत दाखला मिळाल्यावांचून दुसरें खातें अर्ज हातीं घेत नसे. पाणी, मलनिस्सारण, रस्ते, झाडें, अग्निशमन अशा दारांवर एकामागून एक थांबावें लागे. दुसरें कारण अर्जदाराच्या पदरीं जातें. मोजणीचा नकाशा एक क्षेत्रफळ दाखवितो, मिळकतपत्रिका दुसरें आणि वास्तुविशारदाचा नकाशा तिसरेंच. मग त्रुटी निघते, फाईल परत येते आणि मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. तिसरें कारण माझ्या विद्यार्थ्यानें सांगितलें तेंच, म्हणजे सोपें व अवघड यांचा एकच गठ्ठा.

या उशिराचें मोजमाप करण्याचा एक मोठा प्रयत्न जागतिक बँकेनें केला. व्यवसायसुलभतेच्या आपल्या वार्षिक अहवालासाठीं तिनें एक काल्पनिक इमारत घेतली होती, आणि योगायोग असा कीं ती इमारत म्हणजे पुस्तकें किंवा लेखनसाहित्य ठेवण्याचें दुमजली गोदामच! दहा हजार चौरस फुटांचा भूखंड, दोन्ही मजले मिळून सुमारें चौदा हजार चौरस फूट बांधकाम, रसायनें किंवा खाद्यपदार्थ यांसारखा खास व्यवस्था लागणारा माल आंत नाहीं, आणि प्रत्यक्ष बांधणीस तीस आठवडे. असें गोदाम मुंबईंत बांधावयाचें तर कागदोपत्रीं किती पायऱ्या चढाव्या लागतील? २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालांत उत्तर होतें ३७ पायऱ्या आणि १२८.५ दिवस. म्हणजे तीस आठवड्यांच्या बांधकामासाठीं अठरा आठवड्यांहून अधिक काळ कागदांचा! २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालांत हेच आंकडे २० पायऱ्या व सुमारें ९९ दिवस असे उतरले. बांधकाम परवान्यांच्या बाबतींत भारताचा क्रमांक १८१ वरून ५२ वर आला, आणि २०१९ मध्यें २७ वर.

हें कसें साधलें, तें समजून घेण्यासारखें आहे. निरनिराळ्या खात्यांसाठीं एकच अर्ज संगणकावर घेण्याची व्यवस्था झाली, शुल्क एकत्र भरण्याची सोय झाली, आणि खात्यांनीं एकामागून एक पाहण्याऐवजीं एकाच वेळीं पाहावें अशी घडी बसविली गेली. इमारतीचा नकाशा तपासणारी संगणकीय प्रणालीहि कामीं आली. सोडलेल्या मोकळ्या जागा, उंची, चटईक्षेत्र, वाहनें ठेवण्याची जागा हीं मापें ती नकाशावरून स्वतः घेते व नियमांशीं ताडून पाहते. शिवाय रचनेंतील दोषांबद्दल दहा वर्षें जबाबदारी व तिचा विमा यांची तरतूद झाल्याचीहि अहवालानें नोंद घेतली. वेग वाढवितांना जबाबदारीहि वाढविली, ही गोष्ट मला आंकड्यांहून अधिक मोलाची वाटते.

मात्र या आंकड्यांना आपण पायरीपुरतेंच मानावें. तें गोदाम काल्पनिक होतें, तें फक्त दिल्ली व मुंबई या दोन शहरांत मोजलें गेलें, आणि पुढें दुसऱ्या कांहीं देशांच्या माहितींत गैरप्रकार आढळल्यावर बँकेनें २०२१ मध्यें तो अहवालच बंद केला. काल्पनिक गोदामाला ९९ दिवस लागतात म्हणून आपल्या गांवांतील खऱ्या गोदामालाहि तेवढेच लागतील, असा हिशेब कोणी करूं नये.

आतां सत्वर परवान्याचें मूळ तत्त्व पाहूं. तें एवढेंच कीं, जोखीम पाहून तपासणीची खोली ठरवावी. इमारत लहान व बुटकी आहे, तिची रचना नेहमींची आहे, आंत माणसें थोडीं वावरणार आहेत, माल धोक्याचा नाहीं, जमिनीची मालकी निर्विवाद आहे आणि जागा समुद्रकिनारा किंवा वारसावास्तू यांच्या निर्बंधांत येत नाहीं, तर ती तपासण्यास पुष्कळ डोळे व पुष्कळ दिवस लागूं नयेत. अशा वेळीं परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता नियमपालनाचा दाखला देतो व त्याच्या सहीवर विश्वास ठेवून काम पुढें जातें. सही खोटी ठरली तर तिचा जाब त्याला द्यावा लागतो.

महाराष्ट्रांत बृहन्मुंबई व आणखी कांहीं क्षेत्रें वगळून २०२० च्या डिसेंबरांत जी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, तिनें हेंच तत्त्व घेतलें. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमांत बसणारें लहान बांधकाम असेल, तर नकाशा व कागद सादर करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी. दीडशे ते तीनशे चौरस मीटरपर्यंत दाखल्याच्या आधारें दहा दिवसांत परवानगी. माझा विद्यार्थी पन्नास मीटरांनीं हुकला होता! पण ज्या कारणांनीं लहान अर्ज लवकर सुटतात, तीं कारणें त्याच्याहि हातीं होतीं. मीं त्याला सांगितलें, "अर्ज देण्यापूर्वीं मोजणी नव्यानें करून घे, तिन्ही कागदांतील क्षेत्रफळ एक कर, आणि नकाशांत एकहि रेघ संदिग्ध ठेवूं नकोस."

तो समाधानानें उठला आणि जातां जातां म्हणाला, "शिवाय, सर, जूननंतर वरचा मजला मोकळाच राहतो. एका शिकवणीवाल्यांना संध्याकाळीं तो वर्गासाठीं हवा आहे. भाडेंहि बरें मिळेल."

मीं त्याला परत बसविलें.

श्रोतेहो, २४ मे २०१९ रोजीं सुरत शहरांत एका व्यापारी इमारतीला आग लागली. तिच्या वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालत. खालून आग व धूर वर आले, जिना उपयोगाचा राहिला नाहीं, मुलांनीं वरून उड्या टाकल्या. बावीस विद्यार्थी गेले. चाळीस वर्षें मुलांची हजेरी घेतलेल्या माणसाला तो आंकडा नुसता आंकडा वाटत नाहीं.

मीं विद्यार्थ्याला म्हटलें, "तुझी इमारत साधी कां, तर तिच्यांत कागद राहणार आहे आणि दोन-चार हमाल वावरणार आहेत. त्या एका ओळीवर तिची सारी साधेपणाची गणना झाली. एकच जिना चालतो तो त्यामुळें. खालीं कागदांचे गठ्ठे आणि वर चाळीस मुलें बसलीं कीं गणिताच्या पेपरचा निबंध झाला, आणि तपासणाऱ्याला त्याची दादहि नाहीं. संगणक जिन्याची रुंदी मोजील, पण संध्याकाळीं तो जिना कोण चढतें तें त्याला दिसणार नाहीं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सगळेच तसें करतात, सर." मीं म्हटलें, "होय, आणि सगळ्यांचें निभावतेंहि, ज्या दिवशीं निभावत नाहीं तो दिवस येईपर्यंत."

या गोष्टीला दुसरी बाजूहि आहे, व ती न सांगणें अन्यायाचें होईल. ४ एप्रिल २०१३ रोजीं ठाण्याजवळ शिळफाट्याच्या परिसरांत बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळली आणि ७४ माणसें दगावलीं. त्या इमारतीला परवानगीच नव्हती. तेथील कारणें अनेक होतीं. परंतु परवान्याचा सरळ रस्ता लांब व महाग असला म्हणजे आडरस्त्यानें जाणाऱ्याचें आयतेंच फावतें, हें कोणासहि कबूल करावें लागेल. म्हणून साध्या कामाचा परवाना लवकर मिळावा ही मागणी योग्य आहे. त्यानें प्रामाणिक माणूस नियमांच्या आंत राहतो, आणि अधिकाऱ्यांचा वांचलेला वेळ अवघड इमारती नीट तपासण्यास मिळतो. वेग आधींच्या तपासणींत असावा. नंतरच्या पाहणींत ढिलाई असूं नये. जोतें झाल्यावर तें नकाशाप्रमाणें आहे कीं नाहीं हें पाहणें, काम पुरें झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेतल्यावांचून वापर सुरूं न करणें, आणि वापर बदलावयाचा तर नव्यानें परवानगी मागणें, या तीन पायऱ्या कितीहि घाई असली तरी गाळूं नयेत.

आपण गृहस्थ मंडळी गोदामें बांधीत नाहीं हें खरें. पण आपलीं मुलें संध्याकाळीं कोणत्या तरी इमारतीचा जिना चढून शिकवणीला जातात. एकदां त्यांच्याबरोबर जाऊन तो जिना पाहावा. दुसरा जिना आहे काय, खालीं कोणता माल भरला आहे, गच्चीच्या दाराला कुलूप आहे काय, आणि ही जागा वर्गासाठींच मंजूर झाली आहे काय, हें विचारावें. विचारण्यांत कोणाचा अपमान नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याचें गोदाम गेल्या वर्षीं पुरें झालें. त्यानें मला तें पाहावयास नेलें. वरच्या मजल्यावर वह्यांचे गठ्ठे छतापासून चांगले अंतर ठेवून रचलेले होते आणि दाराशेजारीं मंजूर नकाशा चौकटींत लावलेला होता. शिकवणीचा वर्ग तेथें नव्हता. भाड्याचे पैसे बुडाले, असें तो हंसत म्हणाला. मीं त्या नकाशावरील 'वापर : गोदाम' ही ओळ वाचली आणि जिना उतरलों.