उबदार समुद्रांतील बुडी आणि पातळ पोशाख

नांदेड-लातूरचा उन्हाळा सोसलेल्या माणसास तारकर्लीच्या समुद्रांत स्कूबा बुडी घेतांना थंडी वाजावी, हें प्रथम पटत नाहीं. परंतु पाणी हवेहून सुमारें २५ पट त्वरेनें उष्णता हरण करितें. ३७ अंशांच्या देहास २७ अंशांचें पाणीही हळूहळू गारठवितें.

१९५२ च्या सुमारास अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ते ह्यू ब्रॅडनर यांनीं ओळखलें कीं, पोशाखांत पाणी शिरलें तरी चालेल. निओप्रीन रबरांतील वायूचे सूक्ष्म बुडबुडेच ऊब राखतात. अशा समुद्रांत ३ मिलिमीटर जाडी बहुधा पुरते. मात्र पोशाख अंगास चपखल बसावा. सैल असल्यास प्रत्येक हालचालीबरोबर नवें पाणी आंत खेळून ऊब नेतें; फार आवळल्यास श्वास कोंडतो. म्हणून जाडीपेक्षां माप अधिक पारखावें. आणि हुडहुडी भरतांच मार्गदर्शकास खूण करून सावकाश वर यावें.