चला अळंबी ओळखायला!

उन्हाळा सरून मृगाच्या सरी पडल्या, की कोकण-गोव्यात वारुळांच्या आसपास पांढऱ्या छत्र्या डोकावू लागतात. हीच ती चवदार अळंबी. गोव्यात तिला अळमी म्हणतात. महिला मंडळाची पावसाळी सहल ठरवत असाल, तर मैत्रिणींनो, यंदा अळंबी ओळखायलाच जा ना!

बरोबर गावातली एखादी जाणती बाई हवीच. वनस्पतिशास्त्र शिकवणारं कुणी मिळालं तर उत्तमच. दुरडी, भिंग, छोटी सुरी, वही आणि कागदी पिशव्या घ्या. प्रत्येक जात वेगळ्या पिशवीत ठेवावी. वारुळात हात मात्र घालू नका, तिथं साप असू शकतो. राखीव जंगलात नुसतं पाहावं, तोडू नये.

वारुळावरच्या अळंबीची गंमत मुलांना जरूर सांगा. वाळवी जमिनीखाली या बुरशीची चक्क शेती करते! म्हणूनच माती हळूच उकरली, तर दांडा मुळासारखा खोल गेलेला दिसतो. पण दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण दिसलं, तर सावध! अतिविषारी अमानिटा जातीची ती खूण असू शकते.

घरी आल्यावर दांडा कापून छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाडगा झाका. सकाळी खाली भुकटी पडलेली दिसेल. हिरवळीवर उगवणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीची भुकटी हिरवट पडते. ती खाल्ली तर उलट्या-जुलाब ठरलेले!

‘चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसूण काळी पडली नाही, किड्यांनी खाल्लीय, म्हणजे चांगली’ हे सारं साफ चूक, बरं का! अमानिटाचं विष उकळून किंवा वाळवूनही जात नाही. त्रासही लगेच होत नाही. सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा उलट्या सुरू होतात. मग थोडं बरं वाटतं, पण आतून यकृत निकामी होत असतं. म्हणून शंका येताच उरलेली अळंबी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा. घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

तेव्हा दुरडीतली अळंबी वहीत उतरवा, मुलांना दाखवा. जाणत्या बाईला एवढीशी जरी शंका आली, तरी ती फेकून द्या. भाजीला बाजारातली धिंगरी आहेच की!