स्नॅपशॉट घेतला, बॅकअप राहिला

लिनक्सच्या कमांड लाइनवर एक ओळ लिहून एंटर दाबलं, की आठ जीबीचा अख्खा कंटेनर सेकंदाभरात ‘कॉपी’ होतो. आठ जीबी इतक्या झपाट्याने साध्या डिस्कवर लिहून होणं शक्य नाही. याचा अर्थ ते लिहिलेच गेलेले नसतात. या झटपट कामात नेमकं काय घडतं आणि काय राहून जातं, हे कळणं पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरपेक्षा काठीसारख्या गावाला अधिक गरजेचं आहे. काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं गाव. राजवाडी होळीसाठी ते महाराष्ट्रभर ओळखलं जातं. अशा डोंगराळ भागात विजेचा आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरून काही उभारता येत नाही. तिथल्या शाळेत किंवा आरोग्य केंद्रात छोटा सर्व्हर बसवायचा झाला, तर तो बिघडल्यावर दुरुस्त करणारा माणूस तासाभरात पोचेल, हेही गृहीत धरता येत नाही. म्हणून मागे जाता येईल अशी सोय तिथे आधीपासूनच असावी लागते. ही सोय कंटेनर उत्तम देतात. मात्र स्नॅपशॉट आणि प्रत या त्यांच्या दोन वेगळ्या सोयींची गल्लत झाली, तर ऐन वेळी हाती काहीच उरत नाही.

कंटेनर हा स्वतंत्र संगणक नसतो. एकाच लिनक्स कर्नलवर चालणाऱ्या, पण एकमेकांपासून आडोशाला ठेवलेल्या प्रोग्रॅमचा तो गट असतो. प्रत्येक गटाला स्वतःची फाइल सिस्टिम, स्वतःचं नेटवर्क आणि स्वतःपुरतीच प्रोसेसची यादी दिसते. या कल्पनेचं बीज १९७९ च्या सुमारास युनिक्समध्ये आलेल्या ‘चेंज रूट’ या सोयीत आहे. गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं ‘सी-ग्रुप्स’चं काम जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ या कर्नलमध्ये दाखल झालं आणि कोणत्या गटाने किती मेमरी, किती प्रोसेसर वापरायचा यावर लगाम आला. त्याच वर्षी कंटेनर चालवण्याची साधनं देणारा एलएक्ससी हा प्रकल्प उभा राहिला. २०१३ मध्ये आलेलं डॉकर सुरुवातीला एलएक्ससीच्याच आधारावर चालत होतं. एलएक्ससीवर बेतलेला एलएक्सडी हा प्रकल्प २०२३ मध्ये कॅनॉनिकल कंपनीने आपल्या ताब्यात घेतला, तेव्हा त्यातूनच ‘इन्कस’ ही वेगळी शाखा निघाली. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल लागतो, कंटेनरला लागत नाही. डिस्कवर पाहिलं तर कंटेनर म्हणजे फोल्डरांची एक उतरंड आणि सोबत एक कॉन्फिगरेशन फाइल, इतकंच असतं. म्हणूनच त्याची प्रत काढणं एवढं सोपं आहे.

सेकंदाभरात होणाऱ्या प्रतीचं रहस्य ‘कॉपी ऑन राइट’ या तंत्रात आहे. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइल सिस्टिम जुन्या ब्लॉकवर नवी माहिती गिरवत नाहीत. नवा मजकूर दुसऱ्या मोकळ्या जागी लिहितात आणि खुणेचा बाण तिकडे वळवतात. स्नॅपशॉट घेणं म्हणजे त्या क्षणाचे सगळे बाण जपून ठेवणं. माहिती जागची हलत नाही, म्हणून वेळ लागत नाही आणि जागाही लागत नाही. पुढे जसजसे बदल होतात, तसतशी फक्त बदललेल्या ब्लॉकपुरती जागा खर्च होते. ओव्हरले पद्धतीत हेच काम थरांनी होतं: खाली मूळ कंटेनर जसाच्या तसा, वर बदलांचा पातळ थर. सातबारा आणि फेरफार यांचं नातं ज्याला माहीत आहे, त्याला ही व्यवस्था चटकन उमगेल. फेरफाराच्या नोंदीत फक्त बदल असतो. मूळ उताराच नाहीसा झाला, तर त्या नोंदीवरून जमीन कोणाची हे सांगता येत नाही.

एलएक्ससीच्या आज्ञांमध्ये हे अवलंबित्व उघड दिसतं. ‘एलएक्ससी-कॉपी’ला मूळ कंटेनरचं आणि नव्याचं नाव दिलं, की पूर्ण प्रत निघते, सोबत ‘-एस’ हा पर्याय जोडला, तर स्नॅपशॉटवर उभी असलेली प्रत निघते. अशी प्रत अस्तित्वात असताना मूळ कंटेनर पुसायला गेलं, तर एलएक्ससी नकार देतं, कारण वरच्या थराचा पाया तिथे आहे. ‘एलएक्ससी-स्नॅपशॉट’ ही आज्ञा ‘स्नॅप०’, ‘स्नॅप१’ अशी क्रमाने नावं देत जाते आणि ‘-आर’ दिल्यावर सांगितलेल्या टप्प्यावर परत नेते. आता गंमत अशी, की कंटेनर साध्या डिरेक्टरीत ठेवलेला असेल, तर हीच आज्ञा फक्त एक इशारा देऊन पूर्ण प्रत काढते. आज्ञा तीच, पण खाली डिस्क कशी मांडली आहे त्यावर एकदा बाण जपले जातात आणि एकदा आठच्या आठ जीबी लिहिले जातात. पडद्यावर दोन्ही वेळी ‘स्नॅप०’च दिसतं. म्हणून यंत्र लावणाऱ्याने पहिला प्रश्न आज्ञेबद्दल न विचारता स्टोरेजबद्दल विचारायला हवा.

स्नॅपशॉट काळापासून संरक्षण देतो, दुसरीकडे ठेवलेली प्रत जागेपासून. चुकीचा अपडेट, हाताने पुसली गेलेली फाइल, बिघडलेली सेटिंग ही काळाची संकटं आहेत, आणि त्यांवर स्नॅपशॉटसारखं औषध नाही. डिस्क जळणं, सर्व्हर चोरीला जाणं, खोलीत पाणी शिरणं ही जागेची संकटं आहेत, आणि तिथे त्याच डिस्कवरचे शंभर स्नॅपशॉट मूळ माहितीबरोबरच जातात. याचा बोलका पुरावा प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या सेवेच्या ३१ जानेवारी २०१७ च्या अपघातात मिळतो. थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसण्याची आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबी माहिती काही क्षणांत गेली. बॅकअपच्या वेगवेगळ्या पद्धती कागदावर होत्या, पण त्यांपैकी एकही धडपणे चालत नव्हती. डेटाबेसची बॅकअप आज्ञा जुन्या आवृत्तीची असल्याने मुकाट्याने अपयशी ठरत होती आणि बॅकअपची जागा रिकामी होती. वाचवलं ते एलव्हीएम या लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थेने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. तो सुमारे सहा तास आधी, चाचणीच्या सर्व्हरवर माहिती भरण्यासाठी, म्हणजे वेगळ्याच कामासाठी घेतला होता. इथे नीट पाहायला हवं: स्नॅपशॉट उपयोगी पडला, कारण त्यातली माहिती दुसऱ्या यंत्रावर नेलेली होती. आणि ती परत आणायला सुमारे अठरा तास लागले, कारण चाचणीच्या सर्व्हरची डिस्क मंद होती. क्षण जपला होता, जागा बदलली होती, परतीच्या वाटेचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

आणखी दोन बारकावे नवख्याला हमखास चकवतात. पहिला चालू कंटेनरचा. डेटाबेस लिहिण्याच्या मध्यात असताना घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी वीज गेली असती तर डिस्क जशी दिसली असती तशी स्थिती. पोस्टग्रेससारखा डेटाबेस आपल्या लॉगवरून त्यातून सावरतो, पण प्रत्येक प्रोग्रॅम तेवढा शहाणा नसतो. एलएक्ससी याच कारणाने चालू कंटेनरची प्रत काढायला सहसा तयार होत नाही. आधी तो थांबवावा लागतो. इन्कस चालू असतानाही स्नॅपशॉट घेऊ देतं, म्हणून तिथे जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. दुसरा बारकावा ओळखीचा. एलएक्ससी नव्या प्रतीला नवं नाव आणि नवा नेटवर्क पत्ता देतं, पण कंटेनरच्या आत तयार झालेल्या, यंत्राची ओळख पटवणाऱ्या एसएसएच चाव्या आणि ‘मशीन-आयडी’ ही फाइल जशीच्या तशी उतरते. एका नमुन्यावरून वीस शाळांचे कंटेनर काढले आणि हे पुसायचं राहिलं, तर वीसही यंत्रांची गुप्त चावी एकच राहते. एका यंत्रातून ती फुटली, की वीसही उघडी पडतात.

आता काठीकडे वळू. तिथल्या सर्व्हरवरचा आठ जीबीचा कंटेनर दोन मेगाबिट वेगाच्या लाइनवरून तालुक्याला पाठवायचा म्हटलं, तर लाइन एकदाही न तुटता जवळपास नऊ तास लागतील. रोज हे जमणं अशक्यच. पण दिवसभरात बदल झाला असेल जेमतेम ८० एमबी, तर तेवढाच पाठवायला साडेपाच मिनिटं पुरतात. स्नॅपशॉटचा खरा उपयोग इथे आहे: कालचा आणि आजचा स्नॅपशॉट शेजारी ठेवले, की बदललेले ब्लॉक कोणते हे बीटीआरएफएस आणि झेडएफएस लगेच सांगतात. ‘इन्कस कॉपी’ला ‘--रिफ्रेश’ जोडलं, की आधी पोचलेलं सोडून उरलेला फरक दुसऱ्या सर्व्हरकडे जातो. पहिली पूर्ण प्रत मात्र डिस्कवर घालून एसटीने पाठवली तरी चालते. याच जिल्ह्यात या शहाणपणाला पूर्वपीठिका आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारची नोंदणी इंटरनेटशिवाय होऊ शकेल अशीच आखली होती. माहितीची कुलूपबंद पाकिटं यंत्रावर तयार व्हायची, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि मग ती केंद्राकडे पाठवायची. माहिती एकाच यंत्रावर राहू द्यायची नाही, हे तत्त्व तिथे नियमातच होतं.

यावर कंटेनर वापरणारे जाणकार एक आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे. त्यांचं म्हणणं असं, की कंटेनर जपायचाच कशाला? तो कसा बांधायचा याची कृती लिहून ठेवावी, बिघडला की फेकून द्यावा आणि कृतीवरून नवा उभा करावा. प्रोग्रॅमपुरतं हे अगदी बरोबर आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने चालवलेल्या ‘क्लिक्स’ या उपक्रमात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात घडलेला ‘जी-स्टुडिओ’ हा मंच डॉकर कंटेनरमध्ये भरून शाळांमधल्या सर्व्हरवर दिला गेला. छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणातल्या शाळांपर्यंत पोचलेल्या या उपक्रमाला युनेस्कोचा २०१७ चा पुरस्कारही मिळाला. तयार कंटेनर हातात असल्याने प्रत्येक शाळेत सगळं पहिल्यापासून जुळवत बसावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. पण कृतीवरून नवा कंटेनर बांधायचा, तर शेकडो पॅकेज इंटरनेटवरून उतरवावी लागतात, आणि दुर्गम गावात नेमकं तेच नसतं. शिवाय मुलांनी सोडवलेली उत्तरं, रुग्णांच्या नोंदी, स्थानिक बोलीतली ध्वनिमुद्रणं कुठल्याच कृतीत नसतात. ‘डॉकर कमिट’ने कंटेनरची प्रतिमा घेतली, तरी बाहेरून जोडलेल्या व्हॉल्यूममधली माहिती तीत येत नाही, आणि मोलाची माहिती बहुधा तिथेच असते. कृती हवीच, पण ती माहितीची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप याहून सोपा: सगळं क्लाउडवर ठेवा, म्हणजे ही कटकटच संपली. जिथे लाइन दिवसभर चालू असते, तिथे हा सल्ला योग्य आहे. जिथे ती तुटते, तिथे क्लाउडवरचा धडा वर्ग भरलेला असताना उघडत नाही, म्हणून माहितीची एक प्रत गावात लागतेच. मग गावातली प्रत आणि दूरची प्रत यांच्यात मेळ घालणं आलं, आणि ते काम फरक पाठवूनच परवडतं. म्हणजे क्लाउड घेतलं तरी स्नॅपशॉट आणि प्रत यांच्यापासून सुटका नाही.

स्नॅपशॉट स्वस्त आहे, म्हणून तो रोज आपोआप व्हावा. इन्कसमध्ये वेळापत्रक आणि जुने स्नॅपशॉट पुसण्याची मुदत, दोन्ही सेटिंगमध्ये लिहून ठेवता येतात. दूरची प्रत महाग आहे, म्हणून ती फरकापुरती आणि ठरल्या दिवशी व्हावी. या दोन्हींपेक्षा दुर्लक्षित राहते ती तिसरी पायरी: ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून, चालवून पाहणं. गिटलॅबकडे पैसा होता, माणसं होती, तरी ती पायरी राहून गेली आणि बॅकअपची जागा रिकामी असल्याचं अपघाताच्या रात्री कळलं. दुर्गम गावासाठी सर्व्हर खरेदी होतो, तेव्हा कागदावर मेमरी, डिस्क आणि वॉरंटी असते. त्यात आणखी एक ओळ सहज बसेल: या यंत्राची दूर ठेवलेली प्रत शेवटची कधी चालवून पाहिली, आणि ती उभी राहायला किती वेळ लागला. त्या ओळीपुढे तारीख नसेल, तर यादीत कितीही स्नॅपशॉट दिसत असले तरी त्या यंत्राला बॅकअप नाही असंच धरावं.