ऊब पारखून घ्यावी

बमरोलीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात बोचरी थंडी कशी ती ठाऊक नसते. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण आणि २०१२ साली 'गिरिप्रेमी'चे गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचले. त्याच ओढीने माझा एक माजी विद्यार्थी ऐन हिवाळ्यात हिमालयाकडे निघाला. पिसांचा कोट घ्यावा, तर वडिलांचा महिन्याचा पगार खर्ची पडणार! सल्ल्यासाठी पितापुत्र मजकडे आले.

वाचकहो, ऊब पिसांत नसते; बदक-हंसांच्या छातीवरील मऊ लवेत कोंडलेल्या हवेत असते. म्हणून कोटाच्या जाडीवर भुलू नये. एक औंस लव किती घनइंच फुलते, तो आकडा पाहावा. सातशेच्या पुढे असल्यास उत्तम. आरपार शिवणीच्या रेषांतून थंडी शिरते; कडाक्याच्या हिवाळ्यासाठी आत पडदे असलेले कप्पे हवेत. लोकरी कपड्यांवर कोट सैल बसावा, कारण लव दबली की ऊब गेली. टोपडे असावेच. ओल हा लवेचा वैरी. सबब चढताना घामात कोट घालू नये, थांबताच चढवावा.

दुकानात वडिलांनी कापडाची वीण बोटांनी चाचपली. "घट्ट आहे, लव बाहेर यायची नाही," एवढेच बोलून त्यांनी पैसे मोजले. आयुष्यभर माग चालविलेल्या हातांची ती पारख होती.