प्रथिनाची घडी

उंब्रजच्या नाक्यावर उभे राहिले, की मोठा रस्ता लागतो. उत्तरेला गेलो तर पुणे, दक्षिणेला गेलो तर बंगळूर. ह्या दोन्ही शहरांत काम केलेल्या एका शास्त्रज्ञाची माहिती आज घेऊ. त्यांचे नाव डॉ. जयंत उदगावकर.

आधी अंड्याकडे बघू. अंड्यातला पातळ पांढरा भाग उकडला की घट्ट होतो. थंड केला तरी तो पुन्हा पातळ होत नाही. असं का बरं? त्यात प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे अगदी बारीक मण्यांची माळ. ती नुसती लोंबत नसते. तिला वेढे असतात, वळणे असतात, ठराविक घडी असते. उष्णतेने ती घडी मोडते. मग माळा एकमेकींत गुंततात.

आपल्या अंगातही हजारो प्रकारची प्रथिने आहेत. कोणी रक्तातून प्राणवायू नेते, कोणी अन्न पचवते. घडी नीट पडली तर काम नीट. फेटा बांधायला हात लागतात. ही माळ मात्र पुष्कळदा आपली आपणच वळते. ती कशी? उदगावकरांनी ह्या एका प्रश्नाला तीस वर्षांहून जास्त काळ दिला.

अमेरिकेत शिकून ते 1990 साली बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आले. मातीत राहणारा एक जंतू आहे. तो एक जहाल प्रथिन बनवतो. ते त्याच्याच अंगात मोकळे सुटले तर तोच मरेल! म्हणून त्यावर दुसरे प्रथिन म्यानासारखे बसते. ह्या दुसऱ्याचे नाव बारस्टार. त्याच्या माळेत मणी 89.

बारस्टारची घडी उलगडायला त्यांनी काय वापरले असेल? युरिया! आपण उसाला घालतो तोच. त्यांचा अगदी शुद्ध केलेला, एवढेच. युरियाच्या कडक पाण्यात माळ सैल होते. मग पापणी लवायच्या आत त्यात युरिया नसलेले पाणी मिसळायचे. युरिया पातळ झाला, की माळ परत वळू लागते. डोळ्यांना हे दिसत नाही. पण माळेत एक जातीचा मणी असा असतो, की त्यावर विशिष्ट प्रकाश पाडला तर तो स्वतः मंद उजळतो. घडी पडेल तसा त्याचा उजेड बदलतो. तो उजेड यंत्राने मोजायचा.

घडीची वाट एकच असेल, असे पुष्कळांना वाटे. ह्या कामात दिसले की वाटा अनेक असतात. माउलींची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, तुकोबांची बारामती-इंदापूरवरून. दोन्ही पोचतात पंढरीलाच. तसेच हे.

ह्या कामाला 2000 साली भटनागर पुरस्कार मिळाला. 2017 ते 2022 ते पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे संचालक होते.

पण वाट चुकली तर? प्रायॉन नावाच्या एका प्रथिनाची घडी बिघडली, की शेजारचेही बिघडते, ढिगातल्या सडक्या कांद्यासारखे. त्यातून मेंदूचे जीवघेणे रोग होतात. अल्झायमर रोगात टाऊ नावाच्या प्रथिनाच्या मेंदूत गुठळ्या होतात. मग म्हातारा बाप लेकीला ओळखत नाही. लोक म्हणतात, म्हातारा चळला. त्याच्यावर रागावतात. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

उदगावकरांनी प्रायॉन आणि टाऊ ह्या दोन्हींवर काम केले आहे. हे रोग मुळापासून बरे करणारे औषध अजून निघालेले नाही. बिघाड नेमका कोणत्या वळणावर होतो, ते आधी सापडावे लागेल.