चुंबक थकत नाही का?

लहान मुलाच्या हाती चुंबक द्यावा आणि त्याने विचारावे, "हा थकत नाही का?" अशा वेळी आपण मोठी माणसे गडबडतो. "त्याच्यात शक्ती असते," एवढे सांगून मोकळे होतो. पण मुलाचे समाधान होत नाही, आणि खरे म्हणजे आपलेही होत नाही.

सुट्टीच्या दिवशी मुलांना नदीच्या मुखाजवळ, जेथे वाळू काळसर असते, तेथे न्यावे. पातळ पिशवीत चुंबक घालून कोरड्या वाळूतून फिरवावा. काळे कण पिशवीला चिकटतील. त्यांत मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते. आपल्या मॉरिशसचा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. तो झिजून हे कण वाळूत आले. पोवळ्यांची पांढरी वाळू मात्र चिकटत नाही. आपल्या पूर्वजांच्या सह्याद्रीचा दगडही असाच लाव्ह्याचा आहे, हे आजोबांनी नातवंडांना जरूर सांगावे. मग कण तेथेच झटकून द्यावेत.

घरी आल्यावर दोन मोठे चुंबक एकमेकांना चिकटवावेत आणि मुलाला ते ओढून वेगळे करायला सांगावे. जोर लागतो ना? ही ऊर्जा त्याच्या हाताने दिली. आता ते जवळ आणून सोडावेत. टक्कन चिकटतात! हाताने दिलेली ऊर्जाच परत आली. चुंबक फुकट काही देत नाही; ठेव ठेवावी तशी ती सांभाळतो.

मग तो थकत का नाही? भिंतीतला खिळा वर्षभर कॅलेंडर धरून ठेवतो, तो थकतो का? नुसते धरून ठेवण्यात ऊर्जा खर्च होत नाही. फ्रिजच्या दारावरच्या चुंबकाचेही तसेच.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. बारीक, जोरदार चुंबक लहानांच्या हाती देऊ नयेत. दोन गिळले गेले तर आतडे मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. तसा नुसता संशय आला तरी वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

शाळेत मूल 'लेमां' म्हणेल, म्हणू द्या. घरी मात्र 'लोहचुंबक' हा शब्दही त्याच्या कानी पडू द्या. हाताने अनुभवलेल्या गोष्टीचे नाव मूल सहसा विसरत नाही.