अंगणवाडीचं पातेलं

अंगणवाडीच्या आहाराचा आढावा घेणारे बहुतेक जण २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरुवात करतात. त्या दिवशी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे देशभरात ३३ प्रकल्प सुरू झाले; मेळघाटातलं धारणी त्यांपैकी एक. मला मात्र बोर्डीहून निघावंसं वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तिथे काम मांडलं आणि वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मूल असेल तिथे आपण जायचं, ही त्यांची रीत. आहाराच्या योजना जेव्हा जेव्हा फसल्या तेव्हा ही रीत सुटलेली होती, असं माझं ठाम मत आहे.

सत्तरच्या दशकातला सुकडीचा पूरक आहार, पुढची बदलती अनुदानं, खात्यांची फिरवाफिरव हे सगळं अहवालांत आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा कुठे राज्य हादरलं. २००१ मध्ये अन्नहक्काचा खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला आणि ऑक्टोबर २००४ च्या आदेशात न्यायालयाने या आहारातून ठेकेदारांना दूर ठेवायला सांगितलं. ‘गरम ताजा आहार’ म्हणत फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना तो मोठा आधार वाटला.

वाद मात्र मिटला नाही. तक्तेवाली मंडळी म्हणतात, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला कायद्याने ठरवलेल्या किलोकॅलरी आणि प्रथिनं मिळाली की झालं. ती पातेल्यातून आली काय नि पाकिटातून आली काय. फरक पडतो, फार पडतो. लहानग्यांसाठी दिलेलं टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं पाकीट घरी गेलं की त्याचे वाटे पडतात. चव नाही म्हणून ते शेळ्या-कोंबड्यांपुढे पडलेलंही मी पाड्यांवर पाहिलं आहे. मदतनीसताईने मटकीची उसळ फोडणीला टाकली की वास आसपासच्या घरांत जातो, मुलं आपल्या पायांनी येतात, शेजारचा खातो म्हणून हट्टी मूलही खातं. एखादं न जेवता उठलं तर ताईला तिथल्या तिथे कळतं आणि ती संध्याकाळी त्याच्या घरी डोकावते. हे पाकिटाला कधी जमणार?

म्हणूनच २०१५ च्या अखेरीस आदिवासी भागात सुरू झालेली अमृत आहार योजना मला सगळ्यांत जवळची. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचं चौरस जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, अंडं. पुढे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अंडी-केळी मिळू लागली. घरी बाई सगळ्यांच्या मागून जेवते, उरलंसुरलं खाते. इथे ती पाटावर बसते आणि दुसरी बाई तिला आग्रह करून वाढते. पैसे गावच्या आहार समितीच्या खात्यात येतात, भाजी-अंडी गावातूनच घेता येतात. ज्या पाड्यावर समितीतल्या बायका नेटाच्या, तिथलं जेवण मी आवडीने जेवलो आहे. तमिळनाडूने तर १९८३ मध्ये वृद्ध पेन्शनधारकांनाही पोषण आहाराच्या पंगतीत बसवलं. आपल्याकडे एकट्या म्हाताऱ्यांचा असा विचार कुणी का करत नाही?

आता उतरण लागली आहे. २०१७ मध्ये सर्वसाधारण मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरले. आज एका अंड्यालाच सहा-सात रुपये पडतात. बचत गटांच्या नावाआडून मोठे पुरवठादार शिरले, ती कंत्राटं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावी लागली. सेविकाताईचा निम्मा दिवस मोबाइलवर नोंदी भरण्यात जातो. राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२ टक्के. मानधनासाठी ताईंना डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संपावर जावं लागलं. आहाराचा दर बाजारभावाशी जोडा, किराण्याचं बिल थकवू नका आणि शिजवणारीला तिच्या कष्टाचा पुरता मोबदला द्या, एवढंच आम्ही मागत आलो आहोत.